११२, ७८, ३७: वऱ्हाडाच्या गाडीच्या चालकाचं प्रकरण

मे महिन्यातलं, ऐन लग्नसराईतलं हे प्रकरण. कुडाळच्या बाजूला एका खासगी वाहतूकदाराच्या मिनीबस वऱ्हाडांना आणि मालवण-तारकर्लीच्या पर्यटकांना लागलेल्या असतात. गाडी आवाराबाहेर काढण्याआधी चालकाने श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं, हा नियम मालकाने स्वतःहूनच घातला आहे. अशा छोट्या वाहतूकदारांकडे चालकांचं प्रशिक्षण आणि नोंदवह्या पाहणं हे माझं काम, म्हणून त्या सकाळी मी तिथे होतो. चालकाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आकडे मात्र वहीतलेच आहेत.

गाडी साडेसातला वऱ्हाड घेऊन रत्नागिरीला निघायची होती. ६:४० ला चालकाने फुंकलं. मशीनवर आकडा आला ११२.

मालकाने वर मान न करता हात पुढे केला. "चावी ठेव हय. उद्यापासून येव नको."

चालक पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने किडकिडीत, या मालकाकडे बरीच वर्षं काढलेला. तो हलला नाही. "मालकानू, काल रातीक हळदीत दोन गलास उर्राक घेतलंय, खोटा कित्याक बोलू? पण सकाळपासून थेंब घेऊक नाय. तुमच्या मशीनाचा डोक्या फिरला हा."

पुतण्याची हळद होती, आणि उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. कोकणात हळदीची रात्र कशी जाते ते सांगायला नको.

११२ म्हणजे काय, ते आधी पाहू. हे मशीन उत्तर देतं ते रक्ताच्या भाषेत, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे ३०. म्हणजे हा माणूस मर्यादेच्या जवळजवळ चौपट भरत होता. पण समोर उभा होता तो नीट उभा होता, शब्द जड पडत नव्हते, चावीही खिशातून पटकन काढून दिली. आता, रोज पिणारा माणूस ११२ लाही सरळ चालून दाखवू शकतो, त्यामुळे दिसण्यावर जाऊन उपयोग नाही. उलट बाजूनेही तेच. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली म्हटलं होतं की तोंडाला वास येणं, पाय लटपटणं एवढ्यावरून आरोपी दारूच्या अमलाखाली होता असं सिद्ध होत नाही, तपासणी हवी. म्हणून मी मालकाला एवढंच म्हटलं, पुन्हा फुंकू दे.

६:४३. आकडा ७८.

ऑफिसातला पोरगा हसला. मालकाने मशीन उलटंपालटं करून पाहिलं. तीन मिनिटांत ३४ ने उतरलं, म्हणजे मशीन बिघडलंय, असंच सगळ्यांनी धरलं. चालकाचा तर आवाजच चढला. माझ्या दृष्टीने मात्र सगळं प्रकरण याच जागी उलगडायला लागलं.

यकृत अल्कोहोल जाळतं ते ठरलेल्या, संथ वेगाने. दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलिग्रॅम, कुणाचं १० तर कुणाचं २०. कोरा चहा पिऊन, डोक्यावर बादलीभर पाणी ओतून किंवा लिंबू चोखून तो वेग वाढत नाही. रक्तातून ३४ मिलिग्रॅम जायला दोन तासांच्या वर लागतात. तीन मिनिटांत गेलं ते रक्तातलं नव्हतंच. मग एक तर मशीन चुकत होतं, नाहीतर ते अल्कोहोल तोंडात होतं.

मशीनची शंका आधी फेडली. नुसत्या हवेचा कोरा नमुना घेतला: शून्य. नळी बदलून पोरगा फुंकला: शून्य. तो नळ्या सॅनिटायझरने पुसत नाही ना, हेही विचारून घेतलं, कारण कोविडनंतर ही खोड खूप ठिकाणी लागली आहे आणि सॅनिटायझर म्हणजे निम्म्याहून अधिक अल्कोहोलच. पुसत नव्हता. मशीन ठीक होतं.

मग चालकाला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तोंडात काय घातलंत?"

आधी "वेलची". थोड्या वेळाने, गेटाकडे बघत, "आणि ता औषध." ते औषध म्हणजे मेडिकलमधून घेतलेला माउथवॉश. वास घालवायला म्हणून गेटाबाहेर फणसाखाली उभं राहून दोनदा खळखळून चुळा भरल्या आणि तसाच आत येऊन फुंकला. बाटली पिशवीतच होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापले होते, त्यात अल्कोहोल होतं. सगळ्याच माउथवॉशमध्ये नसतं, पण याच्यात होतं. आकडा लपवायला घेतलेल्या औषधानेच आकडा तिपटीच्या जवळ नेऊन ठेवला होता.

हे कसं होतं ते समजायला मशीनच्या आत डोकवावं लागेल. रक्त फुप्फुसांत पोचतं तेव्हा रक्त आणि हवा यांच्यात अतिशय पातळ पडदा असतो. अल्कोहोल उडून जाणारा पदार्थ. तो पडदा ओलांडून ठरावीक प्रमाणात हवेत येतो. फुप्फुसांच्या तळाची २१०० मिलिलिटर हवा आणि १ मिलिलिटर रक्त यांत सारखंच अल्कोहोल असतं, हे गृहीत धरून मशीनचा हिशेब बसवलेला आहे. त्या हिशेबाने कायद्यातले ३० म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. २१०० चं हे प्रमाण माणसागणिक थोडं बदलतं आणि बहुतेकांच्या बाबतीत प्रत्यक्षात ते थोडं जास्तच असतं. म्हणजे मशीनची चूक झालीच तर ती सहसा फुंकणाऱ्याच्या फायद्याची होते. पिणं नुकतंच थांबलेलं असेल आणि अल्कोहोल अजून रक्तात चढत असेल, तेव्हा मात्र श्वासाचा आकडा हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्या चालकाचं चढणं रात्रीच संपलं होतं, त्यामुळे तो प्रश्न इथे नाही.

श्वास नळीतून आत गेला की चांगल्या मशीनमध्ये तो इंधनघटावर, म्हणजे फ्युएल सेलवर जातो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होऊन ॲसिटिक आम्ल बनतं आणि त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह निघतो. जितकं अल्कोहोल तितका प्रवाह. मशीनला नाक नसतं; वास हा विषयच त्याच्याकडे नाही. ते अल्कोहोल मोजतं, आणि ते फुप्फुसांतून आलं की गालातून, हे त्याला कळत नाही. तोंडातलं अल्कोहोल अगदी थोडं असलं तरी मशीन त्यालाही २१०० ने गुणून रक्ताचा आकडा सांगून मोकळं होतं. म्हणून चूळ भरल्या भरल्या फुंकलं तर अजिबात न प्यालेल्या माणसाचाही आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, आसवं-अरिष्टं यांचंही तसंच. आंबवून केलेल्या आसवांत तर अल्कोहोल आपोआपच तयार झालेलं असतं.

पण तोंडातलं अल्कोहोल टिकत नाही. लाळेबरोबर पोटात जातं, श्वासाबरोबर उडतं, आणि १५ मिनिटांत त्याचा आकड्यावर परिणाम उरत नाही. म्हणून जगभर नियम आहे तो १५ ते २० मिनिटं थांबण्याचा. त्या वेळात खाणं नाही, पिणं नाही, तंबाखू नाही, आणि माणूस नजरेसमोर. मोठा ढेकर किंवा उलटी झाली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, कारण पोटातली वाफ तोंडात येते.

चालकाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि बाकावर बसवलं. पोरगा शेजारी बसला. तिकडे वरमाईचे फोन सुरू झाले होते. मालक तिला "पाच मिनटां, ताई" म्हणत होता, आणि ती पाच मिनिटं संपतच नव्हती.

वहीतल्या नोंदी अशा:

६:४० – ११२
६:४३ – ७८
७:०० – ३७
७:२० – ३३
८:०० – २३

पहिले दोन आकडे बाजूला ठेवा, ते माउथवॉशचे. पुढच्या तिघांकडे बघा. ७ ते ८ या तासात १४ ने उतार. यकृताची चाल हीच. ३७ हा रक्तातलाच आकडा होता, त्याबद्दल आता शंका उरली नव्हती. सकाळपासून थेंबही न घेतल्याचं चालक खरंच सांगत होता. आणि तरीही गाडी चालवण्यापुरता तो शुद्ध नव्हता.

हा उतार हाताशी असला की मागेही जाता येतं. पिणं रात्री साडेनऊला सुरू झालं आणि साडेबाराला थांबलं, असं त्यानेच सांगितलं. साडेबारा ते सात हे साडेसहा तास, तासाला १४ म्हणजे ९१. त्यात ३७ मिळवले की १२८. पिणं चालू असतानाच्या तीन तासांतही यकृत काम करत होतंच, त्याचे ४२. एकूण १७०. त्याचं वजन ६५ किलोच्या आसपास. पुरुषाच्या शरीरात अल्कोहोल साधारण वजनाच्या ०.७ भागात पसरतं, हा स्वीडनच्या विडमार्कने घालून दिलेला हिशेब. तो लावला तर पोटात गेलेलं शुद्ध अल्कोहोल ७७ ग्रॅमच्या जवळ येतं. उर्राक म्हणजे काजूच्या रसाचा पहिला ऊर्ध्वपात. साधारण १५ टक्क्यांचा धरला तर एका लिटरमध्ये ११८ ग्रॅम. म्हणजे साडेसहाशे मिलिलिटर. २०० च्या ग्लासाने तीन ग्लास आणि वर थोडी.

"दोन" हे उत्तर मी आजवर इतक्यांदा ऐकलं आहे की नुसतं "दोन" ऐकलं की मी मनातल्या मनात पुढचा आकडा धरतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, ग्लास-अर्धा ग्लास इकडेतिकडे होईल. पण दोन ग्लासांत सकाळी सातला ३७ उरत नाहीत, एवढं नक्की.

उर्राकची आणखी एक भानगड आहे. मार्च ते मे हा त्याचा हंगाम, लिंबू-सोडा आणि चिरलेल्या मिरचीबरोबर घेतात, आणि आपल्याकडे तो "हलको" समजला जातो, कारण शेजारी तुलनेला फेणी असते ४२ टक्क्यांच्या घरातली. हलका म्हणून ग्लास मोठा आणि घोट लांब. अल्कोहोलचा हिशेब शेवटी तोच. तो गोव्याच्या सीमेपलीकडून दोडामार्ग-बांद्यामार्गे कसा येतो, हा वेगळा विषय, आणि माझा नाही.

आता मशीनला फसवण्याबद्दल. ही चर्चा त्या बाकावरही झाली, कारण तोवर आणखी दोन चालक येऊन बसले होते आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. कच्चा कांदा, पान, पेपरमिंट यांनी वास झाकला जातो; समोरच्या हवालदाराच्या नाकासाठी ते ठीक, मशीनसाठी शून्य. तांब्याचं नाणं जिभेखाली ठेवायचं, तुरटी चघळायची, कोळसा खायचा: श्वासातल्या वाफेवर यांचा काहीएक परिणाम नाही. हळू फुंकणं किंवा गाल फुगवून फुंकल्याचं नाटक करणं याला मशीन दाद देत नाही, कारण ठरावीक जोराने काही सेकंद सलग हवा आल्याशिवाय ते नमुनाच घेत नाही. त्याला हवी असते श्वासाच्या शेवटची हवा, फुप्फुसांच्या तळाची.

एका उपायात थोडं तथ्य आहे. फुंकण्याआधी भराभर खोल श्वास घेत राहिलं तर आकडा साधारण दहा टक्क्यांनी खाली येतो. उलट श्वास रोखून मग फुंकलं तर तितकाच, किंबहुना थोडा जास्तच, वर जातो. म्हणजे आपल्या चालकाचे ३७ चे ३३ झाले असते. नापासच. दहा टक्के कामी येतील ते अगदी सीमेवरच्या माणसाला, आणि मशीनसमोर भात्यासारखा धापा टाकणारा माणूस दिसला की कुठलाही शहाणा तपासनीस त्याला दोन मिनिटं शांत बसवून पुन्हा फुंकायला लावतो. एकदा फुंकणाऱ्याला फट सापडेल, दोनदा फुंकणाऱ्याला नाही.

मधुमेहाचा मुद्दा एका चालकाने काढला, तो रास्त होता. साखर फार वाढली की काहींच्या श्वासात ॲसिटोन येतं. फ्युएल सेल ॲसिटोनला ओळख देत नाही. पण ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी, किल्लीला अडकवायची मशीनं असतात त्यांत सेमीकंडक्टरचा संवेदक असतो. तो इतर वाफांनाही भुलतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत आणखी भरकटतो. या मालकाकडे आधी तसलंच एक होतं. ते वापरून कुणाची चावी काढून घ्यायची नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. चांगलं मशीनही वरचेवर पारखून घ्यावं लागतं: ज्ञात प्रमाणाचा वायू किंवा ३४ अंशांवर ठेवलेलं पाणी-अल्कोहोलचं द्रावण देऊन त्याचा आकडा जुळतो का ते बघतात. ३४ अंश हे तोंडातून बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान. मेच्या उन्हात डॅशबोर्डवर पडून राहिलेलं मशीन थेट वापरू नये, हे तर कुणालाही पटेल.

कायद्याच्या बाजूने हे प्रकरण कुठे बसतं? मालकाच्या आवारातली फुंकणी म्हणजे पोलीस तपासणी नव्हे. ३७ वरून कुणावर खटला होत नाही. पण तो ६:४५ ला गाडी घेऊन निघाला असता आणि लगेचच नाकाबंदीत सापडला असता, तर कलम १८५ लागलं असतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड २,००० होता. दुसऱ्यांदा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. मशीन खोटं बोलतंय असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने रक्ततपासणीचा आग्रह धरणं त्याच्याच हिताचं, आणि लगेच धरणं. नमुना द्यायलाच नकार देणं हा मात्र वाईट सल्ला. सबळ कारण नसेल तर कलम २०५ प्रमाणे तो नकार सरकारी पुराव्याला बळ देणारा धरला जाऊ शकतो.

मालकाला जे कलम माहीत नव्हतं ते १८८. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला साहाय्य करणाराही शिक्षेस पात्र. ३७ वहीत लिहिलेले असताना चावी दिली असती तर मालक स्वतः त्यात आला असता. हे ऐकून त्याने वरमाईचा पुढचा फोन बाहेर जाऊन घेतला आणि दुसऱ्या चालकाला बोलावलं. वऱ्हाड आठ वाजून दहा मिनिटांनी निघालं.

खरा वाद त्यानंतर झाला. ८ वाजता आकडा २३ होता, मर्यादेच्या आत. चालकाचं म्हणणं, आता मी कायद्यात बसतो, दुपारची मालवणची फेरी तरी मला द्या. मालक अर्धा तयार होता, कारण त्या दिवशी माणसं कमी होती. मी विरोध केला. दुपारपर्यंत आकडा शून्यावर आला असता हे खरं, पण हा माणूस रात्री एकनंतर झोपला होता आणि पाचला उठला होता. उरलेली झिंग, अपुरी झोप आणि मेचं ऊन यांची बेरीज मशीनवर दिसत नाही. विमानवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. चिपीला विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला उड्डाणाआधीचे १२ तास दारू वर्ज्य असते आणि आकडा शून्यच लागतो. २०२३ मध्ये नियम सुधारताना डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई केली. वऱ्हाडाच्या मिनीबसला एवढं कडक कशाला, असं मालक म्हणाला. रत्नागिरीच्या वाटेवरचा हातखंब्याचा उतार तुम्ही पाहिलाय ना, असं मी म्हणालो. चालकाला त्या दिवशी घरी पाठवलं.

कामावरून काढण्याचं मात्र मागे पडलं, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. ११२ वर काढलं असतं तर ती शिक्षा माउथवॉशला झाली असती. ३७ साठी एक आठवडा घरी बसवलं, त्या आठवड्याचा पगार कापला, आणि यापुढे नात्यातल्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी नाही असं ठरलं. हे शेवटचं इतर चालकांनाही लागू केलं. त्यावर कुरकुर झाली. मे महिन्यात कोकणात नात्यातली हळद कुणाला नसते?

वहीत तोपर्यंत एकच रकाना होता, 'रीडिंग'. आता वेळ, शेवटचं काही तोंडात घातल्याची वेळ, पहिली फुंकणी, वीस मिनिटांनंतरची फुंकणी आणि दोन सह्या असे रकाने आखले आहेत. चालकाने सही करायच्या आधी ११२ खोडून ३७ लिहा म्हणून हट्ट धरला. खोडलं नाही. शेजारी "चुळीनंतर लगेच" एवढं लिहिलं, त्याने ते दोनदा वाचलं आणि सही केली.